सज्ज्यावरच्या बारा खुर्च्या

मी शाळेत कधी बसले न्हाई, पण शाळा लय बांधल्या. परभणीच्या शेतकी विद्यापीठातली दोन वसतिगृहं माझ्या डोक्यावरून वर गेली, घमेल्या-घमेल्यानं. मानवतला कापसाची गोदामं झाली तवा बी मी होते. त्यामुळं स्लॅब कसा टाकतात आन् टाकल्यावर कसा टिकतो, हे मला कुणी सांगायची गरज न्हाई. तरी सांगणारे मोकार, पैशाला पासरी. ज्याला थापी कोणत्या हातात धरायची ते ठावं न्हाई, तो जास्त सांगतो.

मी बायनाबाई. आमचं गाव मानवतच्या अलीकडं, फाट्यावर एस.टी.तून उतरलं की अर्धा कोस चालायचं. सांगते ती गोष्ट शहाऐंशी सालची. त्या साली गावाला पोरींची शाळा मंजूर झाली, दोन वर्ग आन् वर गच्चीवर जायला जिना. माझ्या लेकीची लेक रुख्मिणी माझ्यापाशी राहून शिकायची, तिच्या गावात चौथीच्या पुढं वर्गच न्हाई. ती सहावीत होती आन् सहावीचा वर्ग मारुतीच्या पारावर भरायचा. त्यामुळं शाळेचा पहिला खड्डा खांदला तवा मी मनातून खुश होते. खोटं कशाला बोलू.

शाळेला नाव काय द्यायचं असा विषय ग्रामपंचायतीत निघाला आन् निघाल्याबरोबर मिटला. तवा विद्यापीठाच्या नामांतरावरून रान पेटलेलं. नाव हा शब्द काढला तरी आमच्या पुढाऱ्यांना घाम फुटायचा. आबासाहेब सरपंच म्हणले, "आधी बिल्डिंग होऊ द्या, नावाचं माघून बघू." कागदावर 'नवीन इमारत' लिहिलं. ते अजून तसंच हाय.

आबासाहेबांना नावापेक्षा सज्ज्याची घाई. नकाशात दारावर दीड फुटाचा छज्जा होता, पावसाचं पाणी अडवायला. पण आबासाहेब परभणीला कोण्या पुढाऱ्याच्या बंगल्यावर जाऊन आले होते. तिथं पुढारी वर सज्ज्यात उभा राहून हात हलवायला लागला आन् खाली माणसं टाळ्या वाजवायला लागली. हे आबासाहेबांच्या डोक्यात जाऊन बसलं. माघारी आले ते इंजिनियरला म्हणले, "छज्जा नको. सज्जा पाहिजे. ह्या कडंपासून त्या कडंपर्यंत." "बाहेर किती काढायचा?" इंजिनियरनं विचारलं. आबासाहेबांनी दोन्ही हात पसरून दाखवले. मोजलं तर पाच फूट भरले. वर आणखी कडंला विटांचा कठडा पाहिजे, कठड्यावर सिमिटाचं कमळ पाहिजे, कमळाखाली आबासाहेबांचं नाव पाहिजे. आपलं स्वतःचं नाव द्यायला मात्र त्यांना कसली भीती न्हाई.

इंजिनियर मार्तंड. तालुक्याला नवीनच लागलेलं पोरगं, गुणी, पण आबासाहेब खोकले तरी दचकायचं. नको म्हणायची त्याची छाती झाली न्हाई. त्यानं नवा नकाशा काढला आन् साइटवर येऊन लिंबाजी मिस्त्रीला समजवायला लागला, "मिस्त्री, वर्गाच्या स्लॅबला सळई खालच्या अंगाला. सज्ज्याला सळई वरच्या अंगाला. उलटं करू नका."

लिंबाजी दगडमातीतला वस्ताद. त्याच्या भिंती अजून सरळ हायेत. पण सिमिटाच्या कामात तो नवा. तो म्हणला, "साहेब, सळई वर काय आन् खाली काय, सिमिटात बुडल्यावर दिसतीया कोणाला?"

मार्तंडनं इकडंतिकडं बघितलं. मी वाळूचं घमेलं घेऊन उभी. "मावशी," तो म्हणला, "ते घमेलं एका हातात घ्या आणि हात पुढे लांब करा." मी केला. "आता सांगा, ताण कुठे येतो?"

"हे काय, खांद्याच्या वर," मी म्हणले. "वरून तुटायलाय. काढू का खाली?"

"थांबा जरा. मिस्त्री, बघा. सज्जा म्हणजे भिंतीतून बाहेर निघालेला हात. त्याचं वरचं अंग ओढलं जातं, खालचं दाबलं जातं. काँक्रीट दाबायला पक्कं, पण ओढायला अगदी कच्चं. म्हणून जिथे ओढ, तिथे सळई. आणि वर्गाचा स्लॅब म्हणजे बाज. बाजेवर माणूस बसला की ती मध्ये खाली झोळते, ओढ खालच्या अंगाला येते. म्हणून तिथे सळई खाली."

एवढंच शास्त्र हाय बघा. हात आन् बाज. मला तिथल्या तिथं कळलं, कारण हात माझा दुखायला लागला होता. लिंबाजी 'हो हो' म्हणला, आन् तोंडावरून कळत होतं की त्याच्या डोक्यात काई शिरलं न्हाई. तरी मार्तंडनं दोन दिवस उभं राहून स्वतः सळया बांधून घेतल्या. सज्ज्याची सगळी जाळी वर, चांगली ताठ. मी डोळ्यानं बघितलं. फक्त एक काम राहिलं, ते स्लॅबच्या दिवशी सकाळी करू म्हणला.

स्लॅबचा दिवस डिसेंबरात धरला. भटजींनी मुहूर्त काढला, मानवतहून मिक्सर आला, गावात लाऊडस्पीकर लागला. आन् त्याच दिवशी नामांतरावरून बंद. एस.टी. हालेना, मार्तंड परभणीलाच अडकला. दूधवाल्याच्या हाती त्यानं चिठ्ठी धाडली. आबासाहेबांनी ती माइकवर वाचली, सगळ्या गावासमोर.

'सज्ज्यावर किमान बारा खुर्च्या लावाव्यात. खुर्च्या नीट बसल्याशिवाय काँक्रीट टाकू नये. हे अत्यंत महत्त्वाचे आहे.'

आबासाहेबांनी चष्मा काढून पुसला. "बघा," म्हणले, "शिकलेलं लेकरू हाय. मानपान कळतो त्याला."

आता इथं थांबून सांगते, न्हाई तर तुमचं बी आबासाहेबांवाणी व्हायचं. वरची सळई वरच राहावी, माणसाच्या पायानं दबू नये, म्हणून तिच्याखाली सळईचेच वाकवलेले तुकडे उभे करतात. चार पायांचे, चार बोटं उंच. परभणीच्या साइटवर त्याला सगळे खुर्च्या म्हणायचे. मुकादम वरडायचा, "खुर्च्या लावल्या का रे?" आन् पोरं ते तुकडे जाळीखाली सरकवत जायची. मार्तंडचं राहिलेलं काम ते होतं.

पण आमच्या गावाला खुर्ची म्हणलं की एकच खुर्ची माहीत. सोसायटीतून बारा लोखंडी खुर्च्या आल्या, घडीच्या. आन् मग बारात कोण बसायचं ह्यावरून जी रणधुमाळी सुरू झाली ती दीड तास. तोवर मिक्सर बंद, भटजी घड्याळाकडं बघायलेत. माणिकराव सोसायटीचे चेअरमन, खुर्च्या त्यांच्या, म्हणून त्यांना मधली. बन्सीधर शेठ मानवतचे आडते, लाऊडस्पीकरचा खर्च त्यांचा, म्हणून त्यांना माणिकरावाच्या शेजारची. पाटलाच्या दोन घरांत बोलणं न्हाई, म्हणून एकाला ह्या टोकाला आन् एकाला त्या टोकाला. हेडमास्तर दिनकररावांना बारावी, तीही कुणी न्हाई आलं तर. शाळा पोरींची, पण बाई एक बी न्हाई.

मी खालूनच म्हणले, "आबासाहेब, खुर्च्या म्हणजे ह्या न्हाईत."

"मग कोणत्या? गादीच्या?" बन्सीधर शेठ म्हणले आन् सगळे हसले.

"सळईच्या असतात, एवढ्याएवढ्या. जाळीच्या खाली..."

"एवढ्याएवढ्या खुर्चीत माणिकराव कसे बसतील गं?" पुन्हा हसले. माणिकराव तर लय हसले, दोन मणाचा माणूस, सगळं अंग हालायलं.

मी लिंबाजीकडं बघितलं. तो जमिनीकडं बघायला लागला. "बायने, घमेलं उचल," आबासाहेब म्हणले. "मुहूर्त टळायलाय."

बारा माणसं जाळीवर चढली. हार गळ्यात, फेटे डोक्यावर. खुर्च्यांचे अठ्ठेचाळीस पाय त्या सळयांवर. माणिकरावांना ऊन लागलं म्हणून त्यांनी खुर्ची तीनदा सरकवली. प्रत्येक सरकवण्याला बांधलेल्या तारा तुटायच्या, ताडकन. फोटोवाल्यानं 'मागं व्हा, पुढं व्हा' करत सगळ्यांना जाळीवरून नाचवलं. माझ्या डोळ्यासमोर ती जाळी खाली खाली गेली आन् साच्याच्या तळच्या फळीला टेकली. वर काई राहिलं न्हाई. मग टाळ्या झाल्या, नारळ फुटला, मानकरी खाली उतरले, मिक्सर सुरू झाला. आम्ही बाया रांगेला लागलो. दिवस मावळायच्या आत सगळं सिमिटात बुडालं. वरून गुळगुळीत, लिंबाजीनं थापी अशी मारली की त्याच्यावर भाकर थापावी.

नंतर तीन आठवडे स्लॅबला पाणी मारायचं काम मलाच दिलं. मी गच्चीवर मातीचे आळे केले, सकाळ-संध्याकाळ घागरी ओतल्या. एक दिवस चुकवला न्हाई, हे ध्यानात ठेवा. पाणी ओतताना डोळा सारखा सज्ज्याकडं जायचा. खाली बल्ल्यांचे टेकू लावलेले, त्यावर तो बसलेला. मी लिंबाजीला म्हणले, "दादा, हे टेकू काढले की संपलं." तो म्हणला, "पडायचा असता तर आतापस्तोर पडला असता." मी म्हणले, "टेकूवर मढं बी उभं राहील."

मार्तंड आठ दिवसांनी आला. पहिलं विचारलं, "खुर्च्या लावल्या होत्या ना?"

"म्हणजे काय! बाराच्या बारा," आबासाहेब म्हणले आन् पिशवीतून फोटो काढला. मोठा करून आणला होता, कन्या शाळेत लावायला.

मार्तंडनं फोटो बघितला. आधी हसला, त्याला वाटलं चेष्टा हाय. मग पुन्हा बघितला, खाली जाळीवर खुर्च्यांचे पाय. त्याचं तोंड असं उतरलं की मला त्याची दया आली. तो सज्ज्याखाली जाऊन उभा राहिला, वर बघितलं, आन् घाईघाईनं बाजूला झाला. काय झालं ते मी त्याला सांगितलं. तो मान हलवत राहिला. "मावशी, हा तोडून पुन्हा करायला हवा," हळूच म्हणला.

"मग सांगा की त्यांना."

तो आबासाहेबांकडं गेला. दोघं लांब उभं राहून बोलले. आवाज फक्त आबासाहेबांचा यायचा. माघारी येऊन मार्तंडनं साइटच्या वहीत लिहिलं, 'सज्ज्याचे टेकू पुढील आदेशापर्यंत काढू नयेत.' आन् तोंडी म्हणला, "वर जास्त वजन देऊ नका." दुसऱ्या दिवशी कळलं, त्याला कावीळ झाली, महिन्याची रजा. माणूस पिवळा पडायच्या आधी कावीळ झालेली मी पहिल्यांदा बघितली.

आता सव्वीस जानेवारी. परभणीचे कोणी मोठे पाहुणे उद्घाटनाला येणार. आबासाहेबांच्या मनात स्वतः सज्ज्यात उभं राहून हात हलवायचं होतं. पण 'जास्त वजन नको' हे त्यांच्या कानात राहिलं होतं. माणूस येडा न्हाई. त्यांनी तोड काढली. "आपण खाली पाहुण्यांपाशी राहू," म्हणले. "सज्ज्यावर पोरी उभ्या करू, स्वागतगीत म्हणायला. पोरी काय, हलक्या असतात."

आन् टेकू? "पाहुण्यांसमोर शाळेला काठ्या लावून ठेवायच्या का? त्या सकाळी काढायच्या." वहीत 'पुढील आदेशापर्यंत' लिहिलंय, असं दिनकरराव म्हणले. "पुढील आदेश मीच की," आबासाहेब म्हणले. "सरपंच कोण हाय?"

दिनकररावांनी पंचवीस पोरींची यादी केली, गोड गळ्याच्या. आमच्या रुख्मीचा गळा कावळ्यावाणी. ती यादीत न्हाई. दोन दिवस रुसून बसली. मी तिची समजूत काढली. मला वाटलं, मोठी माणसं हायेत, बघतील काय ते.

मग तेवीस तारखेला सरजाबाईच्या पोरीला गालफुगी झाली आन् तिच्या जागी रुख्मीचं नाव आलं. रुख्मी नाचतच घरात आली. "आजी, मला पुढं उभं करणार हायेत! एकदम पुढं, कठड्यापाशी!"

मी भाकर थापायला बसले होते. हात तसाच राहिला. त्या पोरीच्या तोंडाकडं बघितलं आन् मला ती जाळी दिसली, फळीला टेकलेली. मी पिठाच्या हातानंच उठले आन् दिनकररावांच्या घरी गेले.

"सर, आमच्या रुख्मीला काढा त्यातून."

"का बरं?"

"सज्जा पडंल."

दिनकररावांनी दाराबाहेर बघितलं, कुणी ऐकत न्हाई ना म्हणून. मग म्हणले, "बायनाबाई, असं असेल तर लेखी द्या."

"मला लिहिता येत न्हाई."

"मग मी काय करणार?" म्हणले, आन् खरंच हळहळले. शिकलेला माणूस किती छान हळहळतो! आन् वर म्हणले, "एका मुलीला काढलं तर बाकीचे पालक विचारतील."

तिथून आबासाहेबांकडं. रंगारी कमळ रंगवायलाय का न्हाई, ते बघायला ते निघाले होते. मी वाटेत आडवी झाले. "बारा माणसं बसली तवा पडला का?" ते म्हणले. "खाली टेकू होते," मी म्हणले. "आन् तवा सिमिट बी न्हवतं, नुसती फळी होती." "तुला लय कळायलंय," ते म्हणले. "इंजिनियरपेक्षा जास्त?" मी म्हणले, "इंजिनियरला बी कळलंय. त्यालाच कावीळ झालीया." त्यांनी मला हातानं बाजूला केलं आन् निघून गेले.

पुढचे दोन दिवस मी वाट शोधत होते. रुख्मीला घरात कोंडावं, तर मास्तर बोलवायला येणार. गावभर सांगत फिरले, तर लोक म्हणायचे, आजीला नातीचं कौतुक बघवंना. एका बाईनं तर विचारलं, "तुझी पोरगी पुढं उभी राहायलीय, तरी तुझं रडगाणं?" ह्या माणसांना भीती दाखवून उपेग न्हाई, हे मला कळून चुकलं. यांना मान दाखवला पाहिजे.

सव्वीस तारखेला सकाळी सगळं गाव शाळेपुढं. पताका, रांगोळी, पेढ्याची परात. पंचवीस पोरी पांढऱ्या कपड्यांत, डोक्यात अबोली, जिन्यापाशी रांगेत. रुख्मी सगळ्यात पुढं. लिंबाजी पहार घेऊन टेकूपाशी. मी मंडपातल्या लोखंडी खुर्च्या उचलल्या, दोन-दोन करून जिन्यानं वर नेल्या. टेकू अजून होते म्हणून धाडस केलं. बाराच्या बारा ओळीनं मांडल्या, प्रत्येकीवर एक हार ठेवला आन् वरूनच वरडले.

"आबासाहेब! पोरी माघून. आधी मानाची माणसं! ज्या बारा जणांनी जाळीवर बसून स्लॅबचा मुहूर्त केला, त्यांनीच सज्ज्यावर पहिलं बसायचं. पाहुणे येतील ते बारा फेटे बघत येतील. फोटोवाले, या म्होरं!"

गावानं टाळ्या वाजवल्या. गावाला काय, टाळ्या वाजवायला निमित्त लागतं. आबासाहेबांची छाती फुगली, ते दोन पावलं पुढं आले. मी खाली उतरले, लिंबाजीच्या हातातली पहार धरली आन् मोठ्यानं विचारलं, "टेकू काढल्यावर बसायचं, का बसल्यावर काढायचे? सांगा. मानाच्या माणसांना पुसून करू."

आबासाहेब थांबले.

"माझा गुडघा," माणिकराव म्हणले. "जिना चढायचा न्हाई मला." डिसेंबरात तोच गुडघा शिडीवरून चढला होता. बन्सीधर शेठला आठवलं की पाहुण्यांना फाट्यावरून घेऊन यायला कुणीतरी गेलं पाहिजे, आन् ते गेले बी, पायी. दोन्ही पाटील एकमेकांकडं बघायला लागले, पंधरा वर्षांत पहिल्यांदा. दोघं एकदमच म्हणले, "आधी त्यांना." भटजींना सोवळं आठवलं.

"सर, तुमी?" मी दिनकररावांना विचारलं.

"मला मुलींजवळ थांबायला हवं," ते म्हणले.

"पोरी वरच जायलेत की, सर."

त्यांनी पोरींची यादी घडी करून खिशात घातली. नुसता लाऊडस्पीकर खरखरायला लागला. मग सरजाबाई, जिची पोरगी घरी गाल सुजून पडली होती, ती पुढं आली आन् रांगेतल्या एका पोरीचा हात धरून तिला बाजूला घेतलं. मग दुसरीची आई आली. मग सगळ्याच आल्या. दोन मिनिटांत जिन्यापाशी एक पोरगी राहिली न्हाई.

आबासाहेब लाल झाले. "अरे काय मुर्खाचा बाजार हाय! काढ रे लिंब्या टेकू! काई होत न्हाई, दाखव ह्या बाईला!"

"दोरानं काढा, दादा," मी म्हणले. "लांबून." लिंबाजीनं माझ्याकडं बघितलं आन् ह्या टायमाला ऐकलं. बल्लीला नाडा बांधला, सगळ्यांना बाजूला सारलं, तो आन् दोन गडी नाडा धरून लांब गेले. पहिला टेकू निघाला. सज्जा जागच्या जागी. आबासाहेब माझ्याकडं बघून हसले. दुसरा निघाला. तिसऱ्याला नाडा ओढला आन् भिंतीपाशी वरच्या अंगाला, बरोबर खांद्यापाशी, काडकन आवाज आला. मग सगळा सज्जा खाली, कठडा, कमळ, नाव, बारा खुर्च्या, बारा हार. उरलेल्या बल्ल्या काड्यावाणी मोडल्या. धुरळा एवढा की पोरी दिसंनात. "रुख्मे!" म्हणून मी असं बोंबलले की घसा फाटला. ती माझ्या पदरालाच धरून उभी होती.

धुरळा बसतोय तोवर पाहुण्यांची जीप आली. बन्सीधर शेठ पुढं बसलेले. कुणी तरी पळत जाऊन सांगितलं, "साहेब, सज्जा पडला!" आता आमच्याकडं काँक्रीट ओतून झालं तरी 'स्लॅब पडला' असंच म्हणतात. पाहुणे खुश. "वा! अभिनंदन!" म्हणले. खाली उतरले, ढिगारा बघितला, वाकलेल्या सळया बघितल्या, खुर्च्या बघितल्या, आन् तिथंच नारळ फोडून भाषण केलं. काम प्रगतिपथावर हाय म्हणले. वीस मिनिटं बोलले. आबासाहेबांनी आभार मानले.

फेब्रुवारीत चौकशी झाली. साहेब मोटारीतून आले, चहा पिले, कागद लिहून गेले. दिनकररावांनी मला वाचून दाखवला. सज्जा पडण्याचं कारण: मजूर स्त्रीकडून पाणी कमी मारलं गेलं. मी एवढ्या शिव्या दिल्या की दिनकररावांनी खिडकी लावून घेतली. ज्यांनी जाळी तुडवली ते मानकरी, ज्यानं तोंड उघडलं न्हाई तो इंजिनियर, ज्यानं 'लेखी द्या' म्हणलं तो मास्तर, सगळे स्वच्छ. आन् मी, जिनं एक दिवस चुकवला न्हाई, ती कामचुकार!

दिवेलागणीला घरी आले तरी माझं तोंड सुरूच. रुख्मी जेवायला बसली होती. मी तिला भाकर वाढत होते आन् एकेकाचा उद्धार करत होते. भित्रे मेले, मी म्हणले. सगळ्यांना माहीत होतं आन् एकानं बी तोंड उघडलं न्हाई. पंचवीस पोरी मेल्या असत्या.

रुख्मी घास हातात धरून ऐकत होती. म्हणली, "आजी, तुला कधीपासून माहीत होतं?"

"स्लॅबच्या दिवसापासून. ह्या डोळ्यानं बघितलं मी."

"मग पहिल्या यादीत मी न्हवते, तवा तू का नाही बोललीस?"

मी भाकर वाढायची थांबले.

"सरजामावशीच्या पोरीला गालफुगी झाली नसती तर," ती म्हणली, "तू सव्वीस तारखेला काय केलं असतंस?"

तिला मला टोचायचं न्हवतं. अकरा वर्षांचं लेकरू, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. तिच्या मैत्रिणी होत्या त्या यादीत. मी म्हणले, "जेव गुमान, गार होतंय." मग चुलीकडं तोंड करून बसले आन् फुंकणीनं फुंकायला लागले. चूल चांगली पेटलेली होती.